बोटांची वहिवाट

जुन्या वाड्यात राहिलेल्या माणसाला वहिवाट या शब्दाचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. शेजाऱ्याच्या अंगणातून विहिरीकडे जाणारी वाट कागदोपत्री शेजाऱ्याचीच असते. परंतु तीवरून वर्षानुवर्षे पाण्याच्या खेपा होत आल्या असतील, तर एके दिवशी उठून तेथे भिंत घालण्याचा अधिकार शेजाऱ्याला उरत नाही. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याने यासाठी मुदतही घालून दिली आहे. वीस वर्षे उघडपणे, शांततेने, हक्काने आणि अखंड वापरलेली वाट हा वापरणाराचा अधिकार ठरतो. मालकी एकाची आणि वापर दुसऱ्याचा असेल, तेथे वापरालाही काही मोल असते, हे तत्त्व त्यामागे आहे. हेच तत्त्व संगणकाच्या पडद्याला लावून पाहावे, असा या लेखाचा हेतू आहे.

संगणकात जी मूळ आज्ञावली सगळा कारभार पाहते, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. तिचा आतला भाग आपल्याला दिसत नाही. दिसतो तो दर्शनी भाग, म्हणजे चित्रे, बटणे, याद्या आणि खिडक्या. ही मांडणी १९८१ साली झेरॉक्स कंपनीच्या स्टार या यंत्रातून बाजारात आली, १९८४ च्या मॅकिंटॉशने ती लोकांपुढे नेली आणि १९८५ पासून मायक्रोसॉफ्टच्या विंडोजने ती कचेऱ्याकचेऱ्यांतून पोहोचवली. २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ निघाले आणि पडद्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात 'स्टार्ट' असे लिहिलेले बटण आले. संगणकावर काहीही करावयाचे असले की प्रथम त्या कोपऱ्यात जावयाचे, एवढे शिकले की नवख्याचे निम्मे भय जात असे. पुढे २००७ च्या व्हिस्टामध्ये बटणावरील अक्षरे जाऊन गोल चिन्ह आले. परंतु कोपरा तोच राहिला.

एकच जागा वर्षानुवर्षे राहिली की माणसात काय बदल घडतो, हे समजून घेतले पाहिजे. आपली स्मृती एकजिनसी नाही. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या रुग्णावर मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर त्याला नवे काहीही लक्षात राहीनासे झाले. ब्रेंडा मिलनर या संशोधिकेने त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवावयास दिली. दररोज त्याला वाटे की हे काम आपण प्रथमच करीत आहोत. तरीही त्याच्या चुका दिवसेंदिवस कमी होत गेल्या. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणावरून स्पष्ट झाले की, माहितीची स्मृती वेगळी आणि हाताच्या कौशल्याची स्मृती वेगळी. सायकल चालविणे, पेटी वाजविणे, पोळी लाटणे ही सगळी दुसऱ्या प्रकारची विद्या. ती सावकाश येते, सरावाने मुरते आणि एकदा मुरली की मन दुसऱ्या कामाला मोकळे होते.

संगणकाचेही तसेच आहे. पतपेढीतला कारकून खातेदाराशी बोलता बोलता हवे ते पान उघडतो, तेव्हा तो बटण शोधत नसतो. हात आपोआप तेथे जातो. हे कौशल्य त्याने पगार घेऊन किंवा न घेऊन, पण स्वतःच्या कष्टाने मिळविलेले असते. आज्ञावलीची मालकी कंपनीची असली तरी बोटांतील ही विद्या त्याची स्वतःची मिळकत आहे. दर्शनी भाग बदलला की ही मिळकत एका रात्रीत बुडते. शिवाय ती नुसती बुडत नाही, आडवीही येते. हात जुन्या जागी जातो, मन त्याला मागे ओढते आणि नवख्यापेक्षा जुना माणूसच अधिक चुकतो. बदलाने माणसे चिडतात त्याचे कारण आळस किंवा हट्ट नसून हे आहे.

याचे ठळक उदाहरण २६ ऑक्टोबर २०१२ रोजी घडले. त्या दिवशी विंडोज ८ बाजारात आले आणि त्यात ते कोपऱ्यातले बटण नव्हते. संगणक चालू केला की रंगीत चौकोनांनी भरलेला नवाच पडदा समोर येई. संगणक बंद कसा करावा हेही पुष्कळांना सापडेना, कारण ती आज्ञा पडद्याच्या कडेला दडलेल्या पट्टीत, तिच्यातील 'सेटिंग्ज'च्या आत गेली होती. तक्रारी एवढ्या झाल्या की १७ ऑक्टोबर २०१३ च्या ८.१ या आवृत्तीत बटण परत आले आणि २९ जुलै २०१५ च्या विंडोज १० मध्ये त्यामागची यादीही परत आली. १९९५ ते २०१२ ही सतरा वर्षे झाली. कायद्याच्या वीस वर्षांना तीनच कमी पडली, असे कोणी विनोदाने म्हणेल. परंतु लोकांनी आपली वहिवाट सिद्ध केली, एवढे खरे.

आता दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. कंपन्या केवळ लहर म्हणून बदल करतात, असे मानणे अन्यायाचे होईल. २०१० साली आयपॅड आला, लोक काचेवर बोट फिरवू लागले आणि माउससाठी आखलेली बारीक बटणे बोटाला अपुरी पडू लागली. संगणकाची जागा बोटाने चालणारी यंत्रे घेतील, हे भय निराधार नव्हते. शिवाय जुन्या मांडणीत दोषही असतात आणि ते काढले नाहीत तर नव्याने शिकणाराची अडचण होते. नवेपणा विकला जातो, हेही एक कारण आहेच. तथापि ते एकमेव नव्हे.

निर्णयामागे पुष्कळदा मोजदाद असते. कोणते बटण किती वेळा दाबले गेले, याचे आकडे कंपनीकडे जमा होत असतात आणि विंडोज ८ च्या वेळीही 'स्टार्ट'ची यादी पूर्वीपेक्षा कमी वापरली जाते, असा आधार देण्यात आला होता. आमच्या मते चूक येथे आहे. जिन्याच्या कठड्याला दिवसातून किती जण हात लावतात हे मोजले, तर कठडा काढून टाकावा असेच उत्तर येईल. वस्तूचे मोल ती किती वेळा वापरली यावर नसते. अडल्या वेळी ती जागेवर असेल या भरवशावर असते.

धडा पुरता घेतला गेला, असेही नाही. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेल्या विंडोज ११ मध्ये ते बटण कोपरा सोडून खालच्या पट्टीच्या मध्यभागी आले. मध्यभागी असल्यामुळे जसजशी अधिक कामे उघडावीत तसतसे ते डावीकडे सरकते. म्हणजे त्याला स्थिर जागाच उरली नाही. १९५४ साली पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने दाखविले होते की, एखाद्या जागी हात पोहोचण्यास लागणारा वेळ तिच्या अंतरावर आणि आकारावर अवलंबून असतो. पडद्याचा कोपरा या दृष्टीने फार सोयीचा, कारण माउस कितीही जोराने ढकलला तरी तो कोपऱ्याच्या पलीकडे जात नाही. सुदैवाने येथे बटण पुन्हा डावीकडे नेण्याची सोय ठेवली आहे. ती 'सेटिंग्ज'मध्ये आहे. मात्र ती आहे हे पुष्कळांना ठाऊक नसते.

यावर कोणी म्हणेल की, ही अडचण अडाणी आणि वयस्क लोकांची आहे. तसे मुळीच नाही. लिनक्स या प्रणालीचे जनक लिनस टोरव्हाल्ड्स यांनी २०११ साली ग्नोम ३ या नव्या दर्शनी भागाबद्दल उघडपणे नाराजी व्यक्त केली आणि काही काळ दुसराच दर्शनी भाग पत्करला. जुनी मांडणी हवी असलेल्या काही मंडळींनी तर ग्नोम २ चा वारसा पुढे चालविणारा माटे नावाचा स्वतंत्र प्रकल्पच उभारला. ज्याने प्रणाली घडविली त्याचीही बोटे अडखळतात. मग घरी बसलेल्या आजोबांनी 'आम्हाला मेलं हे जमायचंच नाही' असे म्हणून स्वतःला दोष का द्यावा?

याच टोरव्हाल्ड्स यांचा एक कडक नियम प्रसिद्ध आहे. लिनक्सच्या गाभ्यात कोणताही बदल करताना, आधीपासून चालत असलेली आज्ञावली बंद पडता कामा नये. विंडोजनेही हे पथ्य पुष्कळ पाळले आहे. २०१५ च्या विंडोज १० च्या ३२-बिटी आवृत्तीत १९९० च्या सुमारास लिहिलेल्या कित्येक आज्ञावल्या चालू शकत. एखाद्या जुन्या आज्ञावलीला आपली वस्तू अमुक जागी सापडण्याची सवय असेल, तर ती वस्तू तेथे राहावी म्हणून अभियंते अपार खटपट करतात. आज्ञावलीची सवय ते जपतात. परंतु वापरणारा माणूसही सवयीवरच चालतो, हे मात्र विसरतात. आज्ञावली बंद पडली तर तो कंपनीचा दोष समजला जातो. माणूस अडखळला तर तो माणसाचा दोष समजला जातो. या लेखाचे मुख्य गाऱ्हाणे हे एवढेच आहे.

हे गाऱ्हाणे गैरसोयीपुरते असते तर त्याचा एवढा विस्तार केला नसता. त्यात धोकाही आहे. संगणकाच्या सुधारित आवृत्तीबरोबर दोन गोष्टी येतात: एक सुरक्षिततेची दुरुस्ती आणि दुसरी रूपाची बदलाबदल. त्या एकाच पुडीत बांधून दिल्या की, रूपाला कंटाळलेला माणूस दुरुस्तीही लांबणीवर टाकतो. २०१६ साली विंडोज १० घेण्याचा आग्रह करणारी चौकट फुलीवर दाबून बंद केली, तरी ठरलेली वेळ रद्द होत नसे. फुली म्हणजे नकार, ही इतक्या वर्षांची खूणच तेथे उलटली. गवगवा झाल्यावर ती चौकट सुधारण्यात आली. पण गेलेला विश्वास तेवढ्याने परत येत नाही. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय या घातक आज्ञावलीने सुमारे दीडशे देशांत संगणक बंद पाडले. इंग्लंडमधील रुग्णालयांत ठरलेल्या तपासण्या रद्द कराव्या लागल्या. तिच्यावरील दुरुस्ती चालू आवृत्त्यांसाठी १४ मार्च २०१७ रोजीच निघालेली होती. पण ती असंख्य यंत्रांवर बसविलेलीच नव्हती. त्या सर्वांनी ती रूपबदलाच्या धास्तीने टाळली, असे कोणी म्हणणार नाही. परंतु लोकांनी दुरुस्ती तत्परतेने घ्यावी असे वाटत असेल, तर तिच्यासोबत घराची दारे हलवू नयेत, हे उघड आहे.

मग उपाय काय? बदल थांबवा, असे आमचे म्हणणे नाही. १९०८ च्या फोर्डच्या मॉडेल टी मोटारीत उजव्या पायाखाली ब्रेक होता, मधल्या पायपट्टीने गाडी मागे जाई आणि वेग हाताने वाढवावा लागे. ती मांडणी गेली हे बरेच झाले. मात्र क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांचा आजचा क्रम एकदा स्थिरावल्यावर कोणत्याही कारखानदाराने नावीन्य म्हणून तो उलटा केलेला नाही. गाडीचा आकार, रंग, इंजिन बदलले; पायाखालची वहिवाट राहिली. अॅपलने २०११ साली पान सरकविण्याची दिशा उलटी केली, पण जुनी दिशा निवडण्याची खूणही 'सेटिंग्ज'मध्ये ठेवली. नवे आणावे, पण जुन्याचे दार उघडे ठेवावे, याचा हा चांगला नमुना आहे.

आपल्या मराठीतच याहून जवळचा दाखला आहे. रेमिंग्टन टंकयंत्रावर शिकलेला टंकलेखक 'कि' लिहिताना आधी वेलांटी आणि मग 'क' दाबतो, कारण कागदावर ती आधी दिसते. संगणकासाठी ठरविलेल्या इनस्क्रिप्ट पद्धतीत आधी 'क' आणि मग वेलांटी. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. उच्चाराच्या दृष्टीने ही पद्धत अधिक शास्त्रशुद्ध आहे, यात शंका नाही. तरीही तिच्यासाठी हजारो टंकलेखकांच्या बोटांतील विद्या मोडीत काढावी लागली नाही. वेगळे साधन बसविले की त्याच संगणकावर रेमिंग्टनच्या मांडणीनेही लिहिता येते. नवा विद्यार्थी नव्या वाटेने जातो, जुना आपल्या वाटेने जातो आणि दोघांचा मजकूर शेवटी एकाच युनिकोडमध्ये उमटू शकतो. यंत्राला हे सहज शक्य आहे, कारण कळफलकाची मांडणी ही आतली गोष्ट नसून दर्शनी गोष्ट आहे.

म्हणून मागणे तीनच आहेत. सुरक्षिततेची दुरुस्ती आणि रूपबदल वेगवेगळे द्यावेत. रूप बदलताना जुनी मांडणी निवडण्याची सोय काही वर्षे तरी राखावी आणि ती पहिल्याच पडद्यावर दाखवावी. आणि रोज लागणाऱ्या चार-पाच जागा, म्हणजे सुरुवात करणे, बंद करणे, जतन करणे, शोधणे, यांना भक्कम कारणावाचून हात लावू नये. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार संपला आणि असंख्य माणसांना नव्या मांडणीकडे, कित्येकांना तर नव्या यंत्राकडे वळावे लागत आहे. तेव्हा ही मागणी कोणाच्या लहरीची उरलेली नाही. बँकेचे खाते, निवृत्तिवेतन, रेल्वेचे तिकीट, विजेचे देयक यांच्याकडे जाणारी वाट आता या पडद्यावरून जाते.

वापरणारांनीही आपल्याकडून एवढे करावे: नवी आवृत्ती आली की दुरुस्ती टाळू नये, 'सेटिंग्ज' उघडून जुनी मांडणी ठेवता येते का, ते घरातल्या जाणत्याकडून पाहून घ्यावे, आणि कंपनीने मत विचारले तर ते कंटाळा न करता कळवावे. २०१३ साली ते बटण परत आले, ते तक्रार करणाऱ्यांमुळेच आले. आणि ज्या घरात मुलगा किंवा सून आईच्या यंत्रात नवी आवृत्ती घालून देते, तेथे त्यांनी पाच मिनिटे अधिक बसून तिच्या नेहमीच्या चार जागा तिला पुन्हा दाखवाव्यात. तिने 'मला समजत नाही' म्हटले, तर तिला समजत नाही असे मानू नये. तिच्या ओळखीची जागा हलविली गेली आहे, असे मानावे.