पोथींतील ‘शैवाल’ व समुद्रांतील शैवाल

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यांतील हट्टा हें गांव समुद्रापासून फार दूर, गोदावरीच्या खोऱ्यांत आहे. अशा गांवच्या एखाद्या दप्तरांत वैद्यकाची पोथी निघाली व तींत ‘शैवाल’ शब्द आला, तर त्याचा अर्थ कोणता घ्यावा? समुद्रांतील वनस्पतींसही हल्लीं हेंच नांव देतात. म्हणून हा प्रश्न विचारार्ह आहे.

अमरकोशाच्या वारिवर्गांत ‘शैवाल’ व ‘जलनीली’ हे पर्याय आहेत. कालिदासानें शाकुंतलांत कमळास वेढणारें शैवाल वर्णिलें आहे, आणि भावप्रकाशांत त्यास शीतल व दाहनाशक म्हटलें आहे. कमळ समुद्रांत उगवत नाहीं. अर्थात् हें तळ्यांतील शेवाळच होय. ‘समुद्रफेन’ हा शब्दही असाच फसवा. ती वनस्पति नसून माकूळ वर्गांतील प्राण्याच्या शरीरांतील पांढरें, हलकें कवच आहे.

समुद्रशैवालाची गोष्ट निराळी. मालवणच्या खडकाळ किनाऱ्यावर सारगॅसम आदिकरून जाति वाढतात. त्यांस खरीं मुळें नसतात. खडकास चिकटून त्या पाण्यांतूनच पोषण घेतात, प्राणवायु सोडतात व माशांच्या पिलांस आसरा देतात. हा समुद्रभाग १९८७ सालीं सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. दक्षिण किनाऱ्यावर वाहून आलेलें शैवाल माडांस खत म्हणून घालीत. मंडपम्-रामेश्वर भागांत स्त्रिया बुड्या मारून तें काढतात; त्याच्या कांहीं जातींपासून ‘अगर’ होतो. बाजारांत मिळणारा ‘चायना ग्रास’ तो हाच. जपानांत ‘फुनोरी’ शैवालाची खळ जुने कागद व चित्रें यांच्या दुरुस्तीस वापरतात, हें हस्तलिखित-संग्राहकांनीं ध्यानीं ठेवण्याजोगें आहे.

हा अर्थभेद केवळ कोशापुरता नाहीं. १८११ सालीं फ्रान्समध्यें कूर्त्वा यास समुद्रशैवालाच्या राखेंत आयोडीन सांपडलें. १८२० त जिनीव्हाच्या क्वांदे या वैद्यानें तें गलगंडावर सुचविलें. परंतु आयोडीन प्रमाणाबाहेर गेल्यास त्याच ग्रंथीस अपाय होतो. समुद्रशैवालाच्या कांहीं जातींत तें विपुल असते. तेव्हां पोथींतील दाहशामक शैवालाच्या जागीं समुद्रांतील वनस्पति योजणें हें रोग्यास बाधक होऊं शकेल.

म्हणून पोथीच्या संपादकानें मूळ शब्द तसाच ठेवावा, त्याशेजारीं कमळ, तळें वा विहीर यांचा उल्लेख आहे कीं काय तें पाहावें, व मगच अर्थ द्यावा. देशावरच्या पोथीचा अर्थ लावतांना किनाऱ्याची माहिती हवीच. पण ती पोथीवर लादूं नये.