जीप चढते कशाच्या बळावर?

पावसाळ्यात एखाद्या कच्च्या वाटेवर रुतलेली मोटार तुम्ही पाहिली असेल. चालक ॲक्सिलरेटर दाबतो, इंजिन गर्जते, मागचे एक चाक गरगर फिरते, चिखलाचे शिंतोडे उडतात. पण गाडी जागची हलत नाही. उलट चाक आणखी खोल जाते. अशा वेळी इंजिनात जोर नसतो असे नाही. जोर भरपूर असतो, पण तो जमिनीपर्यंत पोचत नाही. चाक जमिनीला मागे रेटते आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून गाडी पुढे जाते. जमिनीला ते रेटणे सोसले नाही, तर इंजिन कितीही मोठे असले तरी त्याचा काही उपयोग होत नाही.

जुन्या जीपगाड्या दुरुस्त करून डोंगरातल्या वाटांसाठी सज्ज करण्याचा छंद आज अनेकांना आहे. या छंदात शहाणपणाचे बदल कोणते आणि धोक्याचे कोणते, हे ठरवायला वरची साधी गोष्ट फार उपयोगी पडते. ते कसे, हे एका जुन्या जीपच्या उदाहरणावरून पाहू.

युद्धातून शेतावर

१९४० साली अमेरिकन सैन्याला टेहळणीसाठी हलकी आणि चारही चाकांना गती मिळणारी गाडी हवी होती. बँटम या लहानशा कंपनीने त्याच वर्षी पहिला नमुना तयार करून दिला. पुढे १९४१ ते १९४५ या काळात विलीज व फोर्ड या कंपन्यांनी अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. युद्धानंतर विलीजने शेतकरी व इतर नागरिकांसाठी तिच्या सुधारित आवृत्त्या काढल्या. त्यांपैकी ‘सीजे-३बी’ ही आवृत्ती १९५३ साली आली. तिचे नवे इंजिन आधीच्या इंजिनापेक्षा उंच होते. म्हणून तिचे बॉनेटही उंच करावे लागले, आणि त्या उंच बॉनेटवरून ती आजही चटकन ओळखू येते. विलीजच्या परवान्याने मुंबईच्या महिंद्र अँड महिंद्र कंपनीने हीच गाडी भारतात अनेक वर्षे बनवली. सरकारी कचेऱ्यांपासून शेतमळ्यापर्यंत सगळीकडे ती पोचली. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या जीपा याच घराण्यातल्या आहेत.

आधी दुखणे बरे करा

अशी गाडी हाती आली की नवी चाके व नवे दिवे घेण्याची घाई होते. जाणता मिस्त्री मात्र प्रथम गाडीखाली शिरतो. गाडीचा सगळा भार ज्या लोखंडी सांगाड्यावर असतो, त्या चासीला गंजाने कुठे पोखरले आहे का, हे तो हातोडीने हलके ठोकून पाहतो. निरोगी पोलाद खणखणीत वाजते, तर गंजलेल्या जागी आवाज बद्द येतो.

लोखंड, पाणी व प्राणवायू एकत्र आले की गंज तयार होतो. पाण्यात मीठ असेल तर विद्युत्प्रवाह सहज वाहतो आणि ही क्रिया अधिक वेगाने होते. म्हणून समुद्रकाठची गाडी देशावरच्या गाडीपेक्षा लवकर गंजते. गंजाने मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापली जाते. त्यामुळे नट बोल्टावर घट्ट आवळला जातो आणि पान्याला दाद देत नाही. अशा नटाला मिस्त्री उष्णता देतात. बाहेरचा नट आधी तापतो व प्रसरण पावतो, गंजाचा थर भेगाळतो आणि नट सुटतो.

लहान भागांवरचा गंज विजेनेही काढता येतो. प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी घेऊन त्यात धुण्याचा सोडा विरघळवतात. गंजलेला भाग १२ व्होल्टच्या बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला व लोखंडाचा एक टाकाऊ तुकडा धन टोकाला जोडून दोन्ही एकमेकांना न टेकवता पाण्यात बुडवतात. गंजलेल्या भागावर हायड्रोजनचे बुडबुडे येतात आणि गंज सैल होऊन सुटतो. हायड्रोजन ज्वालाग्राही आहे. म्हणून हे काम उघड्यावर, विस्तवापासून दूर आणि शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावे. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, कारण त्यातील क्रोमियमपासून विषारी संयुगे बनतात. कमानपाट्यांसारख्या कठीण पोलादाच्या भागांनाही ही रीत वापरू नये. हायड्रोजन धातूत शिरून त्याला ठिसूळ करू शकतो.

यानंतर पाळी येते ब्रेकची. पायाने दाबलेला दाब द्रवातून सर्व चाकांकडे सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम तुम्ही शिकला आहात. या जुन्या जीपमध्ये चारही चाकांच्या ब्रेकसाठी द्रवाचा एकच मार्ग असतो. त्यामुळे एका चाकाजवळची रबरी नळी फुटली, तरी द्रव बाहेर जातो आणि चारही ब्रेक निकामी होतात. पुढे दोन स्वतंत्र मार्गांचे ब्रेक आले ते याच कारणासाठी. तेव्हा जुन्या नळ्या बदलणे ही या गाडीची सर्वांत पहिली सुधारणा होय.

सदतीस पट जोर

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सीजे-३बीचे पेट्रोल इंजिन चार सिलिंडरचे व सुमारे २,२०० घनसेंटिमीटरचे आहे. त्याचा दांडा फिरवणारा जोर, म्हणजे टॉर्क, जास्तीत जास्त १६ किलोग्रॅम-मीटरच्या आसपास आहे. हा जोर चाकापर्यंत जाताना तीन ठिकाणी वाढतो. पहिल्या गिअरमध्ये तो २.८ पट होतो, ट्रान्सफर केसच्या ‘लो’ गिअरमध्ये २.४६ पट आणि आसाच्या दंतचक्रांत ५.३८ पट. तिन्हींचा गुणाकार करून पाहा. उत्तर सुमारे ३७ येईल.

अर्थात हे फुकट मिळत नाही. जोर ३७ पट होतो तेव्हा फिरण्याचा वेग ३७ पटींनी घटतो. इंजिन मिनिटाला १,००० फेरे करत असेल, तर चाक फक्त २७ फेरे करते. चाकाचा व्यास ७२ सेंटिमीटर धरला, तर गाडीचा वेग ताशी पावणेचार किलोमीटरही भरत नाही. तुम्ही तिच्या पुढे चालत जाल!

जमिनीवर रेटा किती पडतो? घर्षणात पाव भाग जोर वाया गेला असे धरू. उरलेल्याला चाकाच्या त्रिज्येने, म्हणजे ०.३६ मीटरने भागले की सुमारे १,२०० किलोग्रॅम-भार मिळतो. माणसांसह जीपचे वजनही साधारण तितकेच धरता येईल. म्हणजे या साध्या इंजिनातून गाडीच्या वजनाइतका रेटा निर्माण होतो!

ओल्या मातीला मात्र तो पेलत नाही. टायर व ओली माती यांचा घर्षणांक ०.३५ मानला, तर चारही चाके मिळून फार तर ४२० किलोग्रॅम-भाराचा रेटा जमिनीला देऊ शकतात. इंजिनाचा बाकीचा जोर चाक नुसते गरगरवण्यात जातो. मग डोंगरवाटेसाठी दुप्पट अश्वशक्तीचे इंजिन बसवून काय साधणार? नवे इंजिन जड असले, तर पुढच्या कमानपाट्यांवर व ब्रेकवर मात्र ताण वाढेल.

चार चाकांचा फायदाही याच हिशेबात दिसतो. फक्त मागची दोन चाके फिरत असतील, तर गाडीचे निम्मेच वजन, ६०० किलोग्रॅम, कामी येते आणि रेटा २१० किलोग्रॅम-भारावर थांबतो. ढोबळमानाने अशी गाडी त्या मातीत १० अंशांचा चढ चढेल. चारही चाके फिरली तर १९ अंशांचा.

एक चाक अधांतरी

पण चारही चाकांना गती दिली की काम संपले असे नाही. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर जावे लागते. त्यासाठी प्रत्येक आसावर डिफरन्शियल नावाची दंतचक्रांची जोडणी असते. ती दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देते, पण दोघांना जोर मात्र सारखाच वाटते. एक चाक हवेत अधांतरी लोंबकळले, तर त्याला फिरवायला जवळजवळ जोर लागत नाही. आणि म्हणून जमिनीवरच्या चाकालाही जवळजवळ काहीच मिळत नाही. खड्ड्यात पुढचे डावे व मागचे उजवे चाक उचलले गेले, की चार चाकांची गाडीही असहाय होते.

यावर एक उपाय म्हणजे दोन्ही चाकांना एकत्र जखडणारा ‘लॉकर’. तो महाग असतो आणि पक्क्या रस्त्यावर वळताना त्रास देतो. दुसरा उपाय स्वस्त आहे. गंजून एकमेकांना चिकटलेले कमानपाटे सोडवून, घासून, पुन्हा लवचिक करायचे. पाटे लवचिक असले की खड्ड्यात चाक खाली उतरते व जमीन सोडत नाही. गाडी उंच दिसावी म्हणून जादा कडक पाटे घालणारे लोक नेमके उलटे करतात.

डांबरी रस्त्यावर या जीपची चार चाकांची जोडणी सोडवून ठेवावी लागते, तिचे कारणही असेच आहे. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा लांबचा मार्ग कापतात. या जीपमध्ये पुढच्या व मागच्या आसांच्या मध्ये डिफरन्शियल नाही. मातीत चाके थोडी घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर ते जमत नाही आणि दांड्यांत पीळ साठत जातो.

बिनखर्चाची सुधारणा

चारही चाकांवर मिळून १,२०० किलोग्रॅम भार असेल, तर एका चाकावर ३०० किलोग्रॅम येतो. टायरमध्ये हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २ किलोग्रॅम असेल, तर टायरची सुमारे १५० चौरस सेंटिमीटर जागा जमिनीला टेकते. पोस्टकार्डापेक्षा ती थोडीच मोठी! दाब निम्मा केला की ही जागा जवळजवळ दुप्पट होते. चिखलात व वाळूत चाक मग कमी रुतते.

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, “घर्षण संपर्काच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते, असे पुस्तकात आहे ना?” कठीण पृष्ठभागांपुरते ते बरोबर आहे. मऊ जमीन मात्र दाबाने खचते आणि चाकाखालून कापली जाते. तेथे भार पसरणे महत्त्वाचे ठरते. उंटाचे पसरट पाऊल वाळूत रुतत नाही, त्याचेही हेच कारण. परतताना डांबरी रस्ता लागण्यापूर्वी हवा पुन्हा भरायलाच हवी. कमी हवेचा टायर वेगात तापतो व फुटू शकतो.

मोठी चाके, उंच गाडी

आता सर्वांत लोकप्रिय बदल पाहू. ७२ सेंटिमीटर व्यासाच्या जागी ७९ सेंटिमीटरची चाके लावली, तर आस जमिनीपासून साडेतीन सेंटिमीटर वर जातो. दगड चुकवायला याचा उपयोग होतो खरा. पण प्रत्येक फेऱ्यात गाडी १० टक्के जास्त पुढे जाते. वेगमापक ताशी ६० दाखवतो तेव्हा खरा वेग ६६ असतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ती २१ टक्क्यांनी जास्त होते. मोठ्या चाकाला आवरायला ब्रेकलाही अधिक जोर लावावा लागतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या ब्रेकवर हा बोजा पडतो!

शिवाय गाडीचा गुरुत्वमध्य वर चढतो. तुम्ही एक प्रयोग करून पाहा. काड्यांनी भरलेली आगपेटी एका फळीवर आडवी ठेवा. ती घसरू नये म्हणून खालच्या कडेला पातळ पट्टी चिकटवा. फळी हळूहळू उचला आणि पेटी कोणत्या कोनात उलटते ते कोनमापकाने मोजा. मग पेटी उभी ठेवून तेच करा. उभी पेटी फार लवकर कोलमडेल.

जीपच्या डाव्या-उजव्या चाकांतले अंतर सुमारे १२३ सेंटिमीटर असते. गुरुत्वमध्य ६० सेंटिमीटर उंचीवर आहे असे समजा. गणिताने ही गाडी ४५ अंशांपेक्षा थोड्या जास्त उतारावर कलंडेल. कमानपाटे, मोठी चाके व टपावरचे सामान यांनी गुरुत्वमध्य १० सेंटिमीटर वर गेला, तर हा कोन ४१ अंशांवर येतो. चार-पाच अंश थोडे वाटतात. पण खऱ्या वाटेवर दगडाचा धक्का बसतो, पाटे एका बाजूला दबतात आणि गाडी या कोनाच्या पुष्कळ आधीच उलटते. उघड्या जीपमध्ये बसलेल्यांना त्या वेळी डोक्यावर छप्परही नसते.

किती बदलावे?

कायद्यानेही याचा विचार केला आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे, कारखान्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीपुस्तकातील तपशील विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. २०२१ साली केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची वेगळी सोय केली. ती फक्त मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांना मिळते. चासी, इंजिन किंवा पत्र्याचे अंग कापून बदलले की गाडी हा मान गमावते, आणि कापलेली चासी पुन्हा मूळची होत नाही.

म्हणून जुन्या जीपवर खर्च करायचा झाला, तर त्याचा क्रम विज्ञान सांगते तसाच असावा. प्रथम ब्रेक व चासी, मग लवचिक पाटे, मग मूळ मापाचे पण खोल नक्षीचे टायर, आणि वाटेवर हवेचा योग्य दाब. एवढे केलेली साधी जीप बहुतेक कच्च्या वाटा निभावून नेते. पुढच्या वेळी गॅरेजात एखादी जीप उघडलेली दिसली, तर मिस्त्रींची परवानगी घेऊन खाली वाकून पाहा. तिची तीन ठिकाणची दंतचक्रे, कमानपाटे व ब्रेकच्या नळ्या तुम्हांला ओळखता येतात का?