छपरावरची अक्षरे : क्योतो शहरातील जाहिरातफलकांचे नियमन

‘होर्डिंग’ हा शब्द मराठीत आता घरचा झाला आहे. इंग्रजीत त्याचा मूळ अर्थ मात्र जाहिरात असा नाही. बांधकाम चालू असलेल्या जागेभोवती फळ्यांचे जे तात्पुरते कुंपण घालतात, ते होर्डिंग. रस्त्याकडे तोंड करून कोऱ्या फळ्या उभ्या राहिल्या की त्यांवर कागद चिकटवणारे येतातच. ते आले, इमारत पुरी झाल्यावर कुंपण निघाले आणि नाव तेवढे जाहिरातीकडे राहिले. आपल्याकडे यासाठी शब्दांची वानवा कधीच नव्हती. ‘जाहिरात’ हा शब्द अरबी ‘जाहिर’वरून आला, म्हणजे उघड केलेले. ‘फलक’ संस्कृतातला, फळी या अर्थाचा. आणि ‘पाटी’ तर शाळेपासून घराच्या दारापर्यंत सगळीकडची.

शब्दांपासून सुरुवात केली ती निव्वळ हौसेने नाही. दुकानदार आपल्या दुकानावर आपले नाव लावतो ती पाटी. तिसऱ्याच कोणाच्या मालाची प्रसिद्धी भाड्याच्या जागेवर होते तो जाहिरातफलक. पाटी वाट दाखवते, फलक वाटेत अडवतो. नियमन करू पाहणाऱ्या नगरपालिकेला हा फरक पहिल्या कलमातच करावा लागतो, आणि तो नीट केला नाही तर पुढची सगळी कलमे डळमळतात. शासनाच्या कामात नेमका शब्द लागतो, हे आम्हा बडोदेकरांना नवीन नाही. सयाजीरावांच्या काळात, १९३१ साली, ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ या नावाचा राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश आठ भाषांत निघाला, तो याच गरजेतून.

ऐतिहासिक शहराने आपल्या रस्त्यांवरील जाहिरातींचे नियमन कसे करावे, याचे आज उपलब्ध असलेले सर्वांत अभ्यसनीय उदाहरण मला जपानमधील क्योतोचे वाटते. इ. स. ७९४ मध्ये वसलेले हे शहर हजाराहून अधिक वर्षे जपानची राजधानी होते. तिन्ही बाजूंनी डोंगर, मधून वाहणारी कामो नदी, आणि गल्लोगल्ली देवळे. क्योतो, उजी आणि ओत्सु या तीन शहरांतील मिळून सतरा स्थळे १९९४ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली. दुसऱ्या महायुद्धातील मोठ्या बॉम्बहल्ल्यांतून हे शहर बऱ्याच अंशी वाचले. नंतरच्या सुबत्तेतून मात्र ते तसे वाचले नाही. १९६४ मध्ये रेल्वे स्थानकासमोर १३१ मीटर उंचीचा मनोरा उभा राहिला, तेव्हाच शहरात पहिला मोठा वाद झाला. १९९० च्या दशकात एका साठ मीटर उंच हॉटेलावरून आणि नव्या स्थानकाच्या अवाढव्य इमारतीवरून तो पुन्हा पेटला.

नियम नव्हते असे नाही. जपानमध्ये बाह्य जाहिरातींचा राष्ट्रीय कायदा १९४९ चा आहे आणि क्योतोचा स्वतःचा स्थानिक नियम १९५६ चा. त्या राष्ट्रीय कायद्याची व्याख्या मला फार आवडते. जाहिरात नफ्यासाठी आहे की नाही, हे तो पाहतच नाही. घराबाहेर, लोकांना दिसेल असे, सातत्याने काही काळ जे लावलेले असते ते सगळे त्यात येते. मग ते औषधाचे असो की एखाद्या मंडळाचे. आपल्याकडे वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलक ‘ही काही जाहिरात नाही’ या सबबीवर चौकाचौकात उभे राहतात, त्यांना अशा व्याख्येत पळवाट सापडणार नाही.

तरीही २००० च्या सुमारास शिजो आणि कावारामाची या क्योतोच्या मुख्य बाजाररस्त्यांवर छपरांवर लोखंडी सांगाडे, त्यांवर राक्षसी आकाराची अक्षरे आणि रात्री उघडझाप करणारे दिवे, असेच चित्र होते. मार्च २००७ मध्ये नगरसभेने ‘नवे भूदृश्य धोरण’ मंजूर केले आणि १ सप्टेंबर २००७ पासून ते लागू झाले. इमारतींच्या उंचीवर त्याने कात्री चालवली. मध्यवर्ती भागात मोठ्या रस्त्यांवर ४५ मीटरची मर्यादा ३१ वर आली, आतल्या गल्ल्यांत ३१ ची १५ वर. जाहिरातींबाबतचे दोन नियम तर संपूर्ण शहराला सारखेच लागू झाले. छपरावर जाहिरात नाही, आणि उघडझाप करणारा किंवा फिरता दिवा नाही. यांत जुने-नवे, श्रीमंत-गरीब असा भेद नाही. बाकीचे नियम वस्तीप्रमाणे बदलतात. भिंतीच्या किती हिश्श्यावर फलक चालेल, जमिनीपासून किती उंचीपर्यंत, रस्त्यावर किती पुढे आलेला, आणि भडक रंग किती जागेत, हे प्रत्येक विभागासाठी वेगळे ठरलेले आहे. शिजो रस्त्यावर इमारतीतून काटकोनात बाहेर येणाऱ्या पाट्यांनाच मज्जाव झाला. रंगाच्या नियमाचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे मॅक्डोनल्डची पाटी. अनेक देशांत लाल असणारी ही पाटी क्योतोत तपकिरी आहे. छोट्या दुकानाच्या छोट्या पाटीला परवान्याच्या कागदपत्रांतून सूट आहे, पण रंग आणि जागेचे नियम तिलाही आहेत.

इथपर्यंतचे नियम कोणत्याही हुशार नगररचनाकाराला सुचतील. क्योतोचे वेगळेपण मला दिसते ते त्याच वर्षी झालेल्या दुसऱ्या नियमात. तो फलकांचा नाहीच, दृश्यांचा आहे. शहराने आधी यादी केली, की कुठे उभे राहिल्यावर काय दिसले पाहिजे. सुरुवातीला अशी अडतीस ठिकाणे ठरली. देवळाच्या आवारातून दिसणारे, रस्त्याच्या टोकाशी दिसणारे, नदीकाठचे, डोंगराच्या रांगेकडचे, उंचावरून खाली पाहतानाचे, असे त्यांचे प्रकार पाडले. एन्त्सू-जी नावाच्या देवळाची बाग त्यांत आहे. तिथे बसून पाहिले की कुंपणापलीकडे दूरचा हिएई पर्वत बागेचाच भाग वाटतो. दूरचा देखावा असा आपल्या बागेत ओढून घेण्याला जपानीत ‘शाक्केइ’ म्हणतात, म्हणजे उसना घेतलेला देखावा. उसने दिलेले कुणी मध्येच परत मागू नये, म्हणून मधल्या सगळ्या घरमालकांवर बंधन आले.

या यादीतले आणखी एक ठिकाण भाषेच्या अभ्यासकांनी लक्षात ठेवावे असे आहे. दरवर्षी १६ ऑगस्टच्या रात्री क्योतोभोवतीच्या पाच डोंगरांवर होळ्या पेटवून पूर्वजांच्या आत्म्यांना निरोप देतात. पूर्वेकडच्या डोंगरावर ‘मोठा’ या अर्थाचे चिनी लिपीतले अक्षर आगीने रेखले जाते. हातपाय पसरून उभ्या राहिलेल्या माणसासारखे दिसणारे. त्याची आडवी रेघ ८० मीटर, डावीकडे उतरणारी १६० आणि उजवीकडची १२० मीटर लांब. कामो नदीच्या काठावरून हे अक्षर दिसलेच पाहिजे, असे शहराच्या नियमात लिहिलेले आहे. एका काठावर उभ्या राहिलेल्या माणसाच्या डोळ्यापासून डोंगरापर्यंत एक रेघ ओढायची आणि त्या रेघेच्या वर कोणाला डोके काढू द्यायचे नाही, असा त्यामागचा हिशेब. छपरांवरची शेकडो अक्षरे उतरली, आणि डोंगरावरचे एक अक्षर वाचण्याची सोय कायद्याने राखली गेली.

अर्थात ही अक्षरे आपण होऊन उतरली नाहीत. आधीपासून कायदेशीर उभ्या असलेल्या फलकांना सात वर्षांची मुदत दिली होती, ऑगस्ट २०१४ अखेरपर्यंत. सात वर्षे ऐकायला फार वाटतात, पण एका लोखंडी सांगाड्याचा खर्च भरून निघायला आणि दुकानदाराला नव्या पाटीची तजवीज करायला तेवढा वेळ लागतो. तरी मुदतीची पहिली काही वर्षे पुष्कळांनी स्वस्थ बसून काढली. मग शेवटच्या टप्प्यात पालिकेने या कामावरची माणसे खूप वाढवली आणि ती रस्तोरस्ती, दारोदार फिरली. प्रत्येक फलक मोजायचा, मालकाला त्याच्याच पाटीत काय खुपते ते समजावून सांगायचे, न ऐकल्यास नोटीस. माझ्या मते क्योतोचे यश या पायपिटीत जास्त आहे आणि कलमांत कमी. चांगल्या पाटीला शहर पारितोषिकही देते. ते मला गोड वाटते, पण निर्णायक नाही. धोरणावर टीकाही आहे. घरे महाग झाली, तरुण कुटुंबे शेजारच्या गावांत निघाली, अशी तक्रार वाढत गेली आणि २०२३ मध्ये शहराने काही भागांतील इमारतींच्या उंचीची मर्यादा सैल केली. छपरावरच्या जाहिरातींची बंदी मात्र कायम राहिली.

याच सुमारास ब्राझीलमधील साओ पाउलोने दुसरा मार्ग धरला होता. तिथे २००६ मध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी २००७ पासून भाड्याच्या जाहिरातफलकांना सरसकट बंदी आली. दुकानाच्या पाटीचा आकार दर्शनी भागाच्या लांबीवरून ठरला. दहा मीटरहून अरुंद दुकानाला दीड चौरस मीटरची पाटी. हा उपाय झटपट दिसणारा होता आणि जगभर गाजला. क्योतोला तो लागू पडला नसता असे मला वाटते, कारण जुन्या बाजाराला पाट्या हव्याच असतात. लाकडी पाट्या, दारावरचे छापील कापडी पडदे ही क्योतोच्या गल्ल्यांची ओळखच आहे.

आता आपल्या शहरांकडे येऊ. आपल्याकडील नियमनाची सुरुवात बहुधा उत्पन्नापासून होते. जाहिरातकर पूर्वी राज्यघटनेच्या राज्यसूचीत ५५ व्या क्रमांकावर होता. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने ती नोंद वगळली आणि जाहिरात वस्तू व सेवा कराखाली गेली. नगरपालिकांच्या हाती उरले परवानाशुल्क आणि जागेचे भाडे. म्हणजे जितक्या जागा देऊ तितका पैसा. अशा स्थितीत ‘इथे फलक नको’ असे म्हणणाऱ्या अधिकाऱ्याला आधी ‘मग भरपाई कुठून?’ या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते.

दुसरी अडचण हद्दीची. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला वादळी वाऱ्यात फलक कोसळून सतरा माणसे गेली. महापालिकेची कमाल मर्यादा ४० बाय ४० फुटांची. हा फलक १२० बाय १२० फुटांचा होता आणि लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातील जमिनीवर उभा होता. गणित विद्यार्थ्यांनी करून पाहावे. बाजू तिप्पट झाली की क्षेत्रफळ नऊपट होते, वाऱ्याचा जोरही साधारण तितकाच वाढतो. शिवाय तो जोर अधिक उंचावर लागल्याने पायाशी येणारा उलथवण्याचा ताण त्याहूनही कितीतरी जास्त. पुण्यात ऑक्टोबर २०१८ मध्ये जुन्या बाजाराजवळ फलक पडून चौघे दगावले, ती जागा रेल्वेची होती. रेल्वे, छावणी, पुरातत्त्व खाते, पालिका असे एकाच शहराचे चार मालक असले की वाऱ्याला आणि दृष्टीला त्यांच्या हद्दी कळत नाहीत. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये बेकायदा फलकांविरुद्ध सविस्तर आदेश दिले, तरी चौक पाहिले की त्यांची आठवण करून द्यावी लागते. तेलंगणात २०२० मध्ये जमिनीपासून पंधरा फुटांहून उंच जाहिरातींना मनाई झाली. क्योतोच्या छप्परबंदीच्या सर्वांत जवळ जाणारा आपल्याकडचा नियम मला हाच दिसतो.

या वार्षिकाच्या वाचकांना आणखी एक प्रश्न पडेल, तो म्हणजे फलकावर लिहिलेल्या मजकुराचे काय? क्योतोचा नियम शब्दांना हात लावत नाही. तो आकार, उंची, रंग आणि जागा मोजतो. आपल्याकडे भाषाच मोजली जाते. महाराष्ट्रात दुकानाच्या पाटीवर मराठी सक्तीची आहे. कर्नाटकात २०२४ पासून पाटीचा साठ टक्के भाग कन्नडला द्यावा लागतो, हे बेळगावच्या वाचकाला सांगायला नको. त्या वादात मी इथे शिरत नाही. एवढेच नोंदवतो की दोन्हीकडचे नियम अक्षर किती मोठे ते विचारतात, कसे काढले आहे ते कोणी विचारत नाही. रंगारी हाताने पाटी रंगवत असे तेव्हा वेलांटीची लांबी, रफाराचा बाक, दोन अक्षरांतली मोकळी जागा ही त्याच्या नजरेची कमाई होती. फ्लेक्स आला आणि कापडाच्या भावात आकार मिळू लागला. मोठे करणे स्वस्त झाले, म्हणून नीट करण्याची गरज उरली नाही. ‘शुभेच्छा’तली उकाराची हेळसांड वीस फूट उंचीवर टांगलेली आपण रोज वाचतो.

क्योतोची नक्कल करायची तर त्याच्या दंडाच्या रकमेपासून किंवा रंगाच्या तक्त्यापासून करू नये. यादीपासून करावी. काय दिसले पाहिजे हे ठरले, की कुठला फलक आड येतो ते मोजपट्टीने सांगता येते. मग वाद मालकाच्या वजनाचा राहत नाही. हे काम पालिकेने सांगेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. शाळा-महाविद्यालयांतील मुले सकाळी दोन तास फिरून ते करू शकतील. बडोद्यासाठी मी माझी यादी मांडतो. लहरीपुरा दरवाजातून सरळ समोर मांडवी. तशीच पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट या उरलेल्या तीन दरवाजांकडून मांडवी. चारही रस्ते तिच्याशीच मिळतात. सूरसागरच्या काठावरून न्यायमंदिर. ग्वाल्हेरच्या मंडळींनी लष्करातून किल्ला कुठून कुठून दिसतो ते पाहावे, आणि महाराजवाड्याच्या चौकात मधोमध उभे राहून भोवतीच्या इमारतींचे माथे मोजावेत. हैदराबादेत गुलजार हौजापासून चारमिनार, इंदुरात चौकातून राजवाड्याचे सातही मजले. प्रत्येक ठिकाणी उभे राहण्याची जागा खडूने आखून घ्यावी, एकाच उंचीवरून छायाचित्र काढावे आणि त्यावर तारीख घालावी. पुढच्या वर्षी त्याच खुणेवर पुन्हा.