पातळ हवं, पाणचट नको
बरं होताना : लेखांक ९

जबडा तारेने बांधलेला माणूस रत्नागिरीतल्या आपल्या घरी परतला, की पहिल्या तासाभरातच कुणीतरी म्हणतं, "उकड्या तांदळाची पेज द्या त्याला, हलकी असते." सल्ला मायेचा असतो, पण अर्धाच बरोबर असतो. पेज पातळ असते, दातांच्या फटीतून आत जाते आणि पोटालाही सोसते. मात्र नुसत्या पेजेवर मोडलेलं हाड सांधत नाही. मागच्या लेखात खुब्याचं हाड मोडलेल्या आजी-आजोबांविषयी लिहिलं होतं. त्यांना निदान घास चावून खाता येत होता. जबड्याच्या पेशंटने ज्याने खायचं तेच नेमकं हलवायचं नसतं.

आपल्या जिल्ह्यात जबडा मोडण्याची कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत. मार्च ते मे हापूस उतरवायचे दिवस, उंच फांदीवर आंबे काढायची घळ सावरत उभा राहिलेला गडी, आणि वर्षभर मुंबई-गोवा महामार्गावर व घाटरस्त्यांवर होणारे मोटरसायकलचे अपघात. माणूस हनुवटीवर आपटला, की मार हनुवटीपाशी थांबत नाही. खालचा जबडा दोन्ही कानांपुढच्या सांध्यांना टांगलेला असतो. हनुवटीचा धक्का थेट तिथे पोचतो आणि सांध्याची मान मोडते. म्हणून हनुवटीला दोन टाके घालून घरी पाठवलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी कानाजवळ दुखायला लागलं किंवा "माझे दात पूर्वीसारखे बसत नाहीत" असं तो म्हणाला, तर लगेच एक्स-रे काढून घ्यायला हवा. दात न बसणं ही जबडा मोडल्याची सर्वांत भरवशाची खूण आहे.

उपचाराचं तत्त्व सोपं आहे. दात एकमेकांवर बरोबर बसवायचे आणि हाड जुळेपर्यंत ते तसेच धरून ठेवायचे. पूर्वी वरच्या-खालच्या दातांना धातूच्या पट्ट्या लावून चार ते सहा आठवडे तोंड तारेने बंद ठेवत. १९७०च्या दशकात फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गचे सर्जन मॅक्सिम शाँपी यांनी छोट्या पातळ प्लेटांची पद्धत रुळवली. तेव्हापासून पुष्कळ पेशंटना तार लागत नाही, किंवा थोडे दिवस नुसत्या रबरांवर भागतं. पण प्लेट म्हणजे हाड नव्हे. ती तुटलेली टोकं जागेवर धरते, चावण्याचा पूर्ण जोर तिने पेलावा अशी तिची रचनाच नसते. त्यामुळे "मला प्लेट घातलीय, मी भाकरी खाईन" असं म्हणणाऱ्यालाही सर्जन सांगेल तितके दिवस पातळ किंवा अगदी मऊ खाणं भाग आहे. दात किंवा जबडा पुढे-मागे असल्यामुळे ठरवून शस्त्रक्रिया करून घेतलेल्या तरुण मुलामुलींनाही हेच लागू.

आता पेजेचा हिशेब मांडू. एका वाटी पेजेत फार तर ३० ग्रॅम तांदूळ असतो. त्यातून साधारण १०० कॅलरी आणि जेमतेम २ ग्रॅम प्रथिनं मिळतात. दिवसभर आठ वाट्या प्यायल्या तरी ८०० कॅलरी आणि १६-१७ ग्रॅम प्रथिनं होतात. ६० किलोच्या माणसाला शस्त्रक्रियेनंतर रोज १८०० कॅलरी तरी लागतात, आणि किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ७२ ते ९० ग्रॅम प्रथिनं लागतात. फरक इतका मोठा आहे. त्यात आपल्याकडे पथ्य म्हटलं की तेल बंद, नारळ बंद, अंडं उष्ण म्हणून बंद, दुधाने कफ होतो म्हणून दूधही बंद. उरतं ते मिठाचं पाणी आणि थोडा तांदूळ. जबड्याच्या शस्त्रक्रियेत आतड्याला काहीच झालेलं नसतं. त्याला पूर्वीइतकंच पचवता येतं. पेशंट महिन्याभरात चार-सहा किलोंनी उतरतो तो शस्त्रक्रियेमुळे कमी आणि आपल्या या पथ्यामुळे जास्त, असं माझं स्पष्ट मत आहे.

अडचण खरी आहे ती अशी : पौष्टिक करायला पीठ वाढवावं तर लापशी घट्ट होते आणि तारेतून जात नाही. पातळ करावी तर पोषणही पातळ होतं. यावरचा उपाय कोकणातल्या घरात आधीपासून आहे. लहान मुलांसाठी आपण नाचणीला मोड आणून, वाळवून दळतो. धान्याला मोड येताना त्यात अमायलेज नावाचं विकर तयार होतं, आणि ते पिष्टाच्या लांब साखळ्या तोडतं. लापशी घट्ट होते ती या साखळ्या पाणी शोषून फुगल्यामुळे. साखळ्या तुटल्या की तेवढंच पीठ असूनही लापशी सैल पडते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी १९८०च्या दशकात बाळांच्या आहारासाठी नेमकं यावरच काम केलं. बाळाला दाट लापशी गिळवत नाही आणि पातळ लापशीने त्याचं पोषण होत नाही, हा प्रश्न तारेच्या पेशंटचाही आहे.

करायचं असं. नाचणी रात्रभर भिजवून फडक्यात बांधा, मोड आले की कडक उन्हात वाळवा आणि न भाजता दळा. भाजली तर विकर मरतं, म्हणून हे पीठ वेगळ्या डब्यात ठेवा. नेहमीच्या नाचणीच्या पिठाची दाट लापशी शिजवा, खाली उतरवून थोडी निवू द्या आणि चटका बसण्याइतकी गरम असतानाच मोडाचं पीठ चमचाभर घालून ढवळा. काही मिनिटांत ती सैल होते. मग पुन्हा एक उकळी काढून गाळा. पाव लिटर दुधात ३० ग्रॅम नाचणी, थोडा गूळ आणि चमचाभर साजूक तूप घातलं तर एका पेल्यात साडेतीनशेच्या वर कॅलरी आणि सुमारे १० ग्रॅम प्रथिनं मिळतात. शिवाय १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळाच्या कितीतरी पट.

दुसरा आधार कुळीथ. कुळथाचं नुसतं गाळलेलं कढण चवीला छान लागतं, पण कुळथातला बराच भाग चोथ्यात राहतो. त्यापेक्षा कुळथाची पिठी बरी. ४० ग्रॅम पिठात जवळजवळ ९ ग्रॅम प्रथिनं असतात. नेहमीपेक्षा सैल करा, फोडणीचं तेल गाळूनच ओता. मोहरी, जिरं, लसणीचा तुकडा, कोकमाचं साल, यातलं काहीही तारेत अडकलं की काढता काढता पेशंट रडकुंडीला येतो. पहिले काही दिवस टाक्यांना तिखट आणि आंबट झोंबतं, तेव्हा सोलकढीची घाई नको. नुसता नारळाचा रस मात्र पहिल्यापासून चालतो. त्यात प्रथिनं थोडीच, पण स्निग्धांश भरपूर, आणि पिठीत किंवा सारात घातला की कॅलरी पटकन वाढतात.

अंडं उकडून, मिक्सरमध्ये सारासोबत अगदी बारीक करून द्यावं, एका अंड्यातून ६ ग्रॅम प्रथिनं मिळतात. कच्चं अंडं दुधात फेटून देण्याची जुनी रीत मात्र सोडा, त्यातून जंतुसंसर्ग होतो. मासे खाणाऱ्या घरात पेशंटला नुसता वास घेत बसवू नका. सुरमईसारख्या जाड काट्याच्या माशाची तुकडी शिजवून काटा काढा, नारळाच्या रसात वाटा आणि दोनदा गाळा. तारली, बांगडा या काळात नको. त्यांचा बारीक काटा बंद तोंडात घुसला तर फार त्रास होतो. हंगाम असेल तर हापूसचा रस दुधात सैल करून, गाळून द्या. जखम भरायला लागणारं क जीवनसत्त्व त्यातून मिळतं. दुधात दोन-तीन चमचे दुधाची पावडर घातली की प्रथिनं जवळपास दुप्पट होतात, आणि हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

दूध-नाचणीचे तीन पेले, पिठीच्या दोन वाट्या, सारातली दोन अंडी आणि पावडर घातलेल्या दुधातला एक पेला रस : एवढ्यात प्रथिनं सत्तरीपार जातात आणि कॅलरी अठराशेच्या पुढे. मधुमेह असलेल्यांनी गूळ आणि रस डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनांचं प्रमाणही त्यांनीच ठरवायचं. पातळ अन्न पोटातून लवकर पुढे सरकतं, म्हणून दर दोन तासांनी एक पेला द्या. आठवड्याला एकदा वजन करा. ६० किलोचा माणूस महिन्यात ३ किलोंहून अधिक उतरला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता सर्जनला सांगा. पावसाळ्यात आपल्याकडे वीज केव्हा जाईल सांगता येत नाही, तेव्हा मिक्सरवाचून भागणारी नाचणीची आणि कुळथाची पिठं घरात भरून ठेवणं शहाणपणाचं.

भरवायला मोठी सिरिंज आणि तिच्या टोकाला मऊ नळी वापरतात. नळी गालाच्या आतून सरळ शेवटच्या दाढेमागे न्यायची. तिथे तार बांधलेल्या तोंडातही थोडी जागा असते. माणूस ताठ बसलेला हवा आणि हळूहळू सोडायचं. स्ट्रॉने ओढून पिणं सर्जनने परवानगी दिल्यावरच. गोळ्यांऐवजी पातळ औषधं लिहून मागा. प्रत्येक गोळी कुटून चालत नाही, काही कुटल्या तर अपाय होतो.

सर्वांत जपायचं ते उलटीला. आपल्याकडचे बरेच पेशंट शस्त्रक्रियेसाठी कोल्हापूरला जातात आणि दोन-चार दिवसांनी आंबा घाट उतरून घरी येतात. ज्याला एरवीही घाट लागतो त्याने निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून उलटीचं औषध घेतलंच पाहिजे. उलटी आलीच तर गाडी थांबवा, पेशंटला बसतं करून पुढे वाकवा, डोकं खाली आणि ओठ बाजूला ओढलेले. पोटात पातळच असतं, ते दातांच्या फटींतून आणि दाढांमागून बाहेर येतं. श्वास कोंडला तरच तार कापायची. कोणत्या तारा कापायच्या, म्हणजे वरच्या-खालच्या पट्ट्यांना जोडणाऱ्या उभ्या, हे घरी सोडताना नर्सकडून दाखवून घ्या. तार कापायची कटर, किंवा रबरं असतील तर कात्री, उशाशी आणि एसटीतही जवळ ठेवा. दारू या काळात पूर्ण बंद. नशेत उलटी झाली तर बंद तोंडाचा माणूस स्वतःला सावरू शकत नाही.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि मग उतरते. पहिले दोन दिवस बर्फाने शेका, उशा घेऊन डोकं उंच ठेवा. खालचा ओठ बधिर वाटला तर घाबरू नका. जबड्यातून जाणारी नस दुखावलेली असते, संवेदना बहुधा काही आठवड्यांत ते महिन्यांत परत येते. दर पेल्यानंतर कोमट मिठाच्या पाण्याने चूळ आणि लहान मुलांच्या मऊ ब्रशने दातांची बाहेरची बाजू साफ करायची. गोड दूध आणि रस तारेत राहिला तर दात किडतात. मिश्री, तंबाखू, गुटखा आणि विडी यांनी हाड सांधणं लांबतं आणि जखमेत पू होण्याचा धोका वाढतो. "तोंड बंद आहे, पण मिश्री बाहेरून लावता येते" असं म्हणणाऱ्या मावशी आपल्याकडे आहेत. त्यांना घरातल्यांनी प्रेमाने, पण ठाम नाही म्हणायला हवं.

साधारण दुसऱ्या आठवड्यात माणूस चिडचिडा होतो. दुखणं कमी झालेलं असतं, भूक परतलेली असते आणि चावायला काही नसतं. चावण्यातूनच तृप्तीची निम्मी भावना येते. अशा वेळी त्याला वेगळ्या खोलीत बसवू नका. सर्वांबरोबर पानावर बसू द्या, घरातल्याच आमटीची गाळलेली वाटी त्यालाही द्या. बागांमध्ये राखणीला आणि काढणीला असलेल्या नेपाळी गड्यांची मला जास्त काळजी वाटते. त्यांचं कुटुंब दूर असतं, दर दोन तासांनी लापशी शिजवून द्यायला कुणी नसतं. ज्यांच्या बागेत तो पडला त्यांनी दवाखान्याचं बिल भरलं, तरी पुढचे सहा आठवडे त्याच्या पेल्याची जबाबदारीही त्यांचीच.

तार निघाल्यावर तोंड लगेच उघडत नाही, सुरुवातीला एखादं बोटच आत जातं. आईस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, दर दोन-तीन दिवसांनी एक वाढवायची, ताण जाणवावा पण कळ येऊ नये. तीन बोटं उभी आत गेली की तोंड पुरेसं उघडलं असं समजायचं. पहिले पंधरा दिवस मऊ भात, घावन दुधात बुडवून, केळं, काटा काढलेला उकडलेला मासा. कडक भाकरी, फणसाचे तळलेले गरे, शेंगदाणे आणि सुपारी सर्जन हो म्हणेपर्यंत थांबू देत.

पुढच्या लेखात : घसा बसलेला असताना बोलणं किती आणि कधी.