रिपोर्ट नॉर्मल, तरी हाड मोडलं!

गेल्या श्रावणातली गोष्ट. तुळशीला पाणी घालून येताना अंगणातल्या पायरीवरून पाय घसरला. एवढंच निमित्त, आणि उजव्या घोट्याचं हाड मोडलं. माझं वय ५६. पाळी बंद होऊन ६ वर्षं झालेली, मधुमेह ८ वर्षांचा. सहाच महिन्यांपूर्वी शहरात जाऊन हाडांची डेक्सा तपासणी केली होती. रिपोर्ट नॉर्मल! भिशीच्या दिवशी मी मिरवलंही होतं, "आपली हाडं ठणठणीत गं बाई!"

प्लास्टर घालताना डॉक्टर म्हणाले, "काकू, त्या मशीनला हाडाची घनता कळते, चिवटपणा कळत नाही."

मग त्यांनी नीट समजावलं. पाळी थांबली की इस्ट्रोजेन घटतं आणि हाडांची झीज वाढते, हे आपण ऐकलेलं असतं. पण याच वयात पोट सुटतं आणि शरीर इन्शुलिनला पूर्वीसारखी दाद देत नाही. रक्तात साखर वाढून राहिली, की ती हाडातल्या कोलॅजेनच्या धाग्यांना चिकटते. ते कडक, ठिसूळ होतात. जुनं हाड काढून नवं भरायचं कामही मंदावतं. वजन जास्त असेल तर घनता मात्र चांगली दिसते. म्हणूनच टाइप टू मधुमेह असलेल्या बायकांना रिपोर्ट बरा असूनही हाड मोडण्याचा धोका जास्त, विशेषतः खुब्याचं. शिवाय पाय बधिर झाले किंवा साखर एकदम उतरली की तोल जातो, ते वेगळंच.

ऐकताना आई आठवली. तिलाही साखर होती. खुबा मोडला आणि ती पुन्हा ओट्यापाशी उभी राहिलीच नाही. "वय झालं" म्हणून आम्ही विषय सोडून दिला.

आता मी रोज अर्धा तास चालते. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठते-बसते. जेवणात नाचणीची भाकरी असते. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पण भाकरी मोजूनच, कारण तिनंही साखर वाढते. अंगणातलं शेवाळ मात्र आधी घासून काढलं!

मैत्रिणींनो, तपासणीच्या वेळी मला साखरेबद्दल कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. तुम्ही मात्र आवर्जून सांगा.