जिल्ह्याचे ठिकाण कोणी ठरवायचे?

अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे २०२४ पर्यंतचा अहमदनगर, क्षेत्रफळाने महाराष्ट्रात पहिला. १७,०४८ चौरस किलोमीटर! त्यात अख्खे गोवा राज्य चारदा मावेल. एवढ्या थोरल्या घराची वाटणी व्हावी ही मागणी कित्येक वर्षांची. पण घोडे अडते ते एकाच जागी: नव्या उत्तर जिल्ह्याचे ठिकाण कोणते?

श्रीरामपूर म्हणते, आमच्याकडे रेल्वे आहे, औद्योगिक वसाहत आहे. मोटारींच्या पाट्यांवरचा 'एमएच १७' हा आकडासुद्धा आमचाच. संगमनेर आपली जुनी पेठ आणि पुणे-नाशिक रस्ता दाखविते. शिर्डीला साईबाबांचा आधार, शिवाय २०१७ पासून जवळच विमानतळ. २०२३ मध्ये शिर्डीला अपर जिल्हाधिकारी कार्यालय मंजूर झाले, तेव्हा उरलेल्या दोघांच्या कपाळावर आठ्या पडल्या, यात नवल नाही. कचेरी आली की मागोमाग वकील, मुद्रांकविक्रेते, खाणावळी आणि जागांचे भाव येतात.

मग लोकांनाच का विचारू नये? अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एकोणिसाव्या शतकात तसेच करीत. नवी कौंटी स्थापन झाली की तिचे ठाणे मतदार ठरवीत. हरलेल्या गावाचे दिवस फिरत, म्हणून चुरस जीवघेणी. ग्रे कौंटीत सिमॅरॉन आणि इंगल्स या गावांचा तंटा मतदानाने मिटला नाही. १२ जानेवारी १८८९ रोजी इंगल्सची माणसे बंदुका घेऊन सिमॅरॉनची दप्तरे उचलायला गेली. गोळीबार झाला, माणूस मेला. दप्तरांपायी! आज ठाणे सिमॅरॉनलाच आहे.

आपल्याकडे मतपेटी नाही. १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे जिल्हा करणे सरकारच्या हाती. अधिसूचनेचा मसुदा आधी प्रसिद्ध करून हरकती मागवायच्या, एवढाच नागरिकाचा वाटा. बाकीचे काम निवेदने, मोर्चे आणि 'बंद' करतात. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा झाला, तेव्हा ठाणे सावंतवाडी-मालवणासारख्या नावाजलेल्या गावांना न देता ओरोसला नवी नगरी वसविली. ही युक्ती मला अजून आवडते, पण नगरच्या उत्तरेत ती कोणी मनावर घेईलसे वाटत नाही.

बरे, मतदान झाले असे धरून चाला. लोकवस्ती दाट कुठे? प्रवरेच्या कालव्यांखाली. तिथला ऊस ज्या पाण्यावर पिकतो ते १९२६ मध्ये पुरे झालेल्या भंडारदरा धरणाचे, आणि धरण अकोले तालुक्यात. पाणी डोंगरातले, मते मात्र सपाटीची! घाटघर, सामरदच्या महादेव कोळी, ठाकर मंडळींची मते किती भरणार? तेव्हा नुसत्या मतमोजणीवर माझा विश्वास नाही. वास्तविक कलेक्टर कचेरीची गरज त्यांनाच मोठी: २००६ च्या वनहक्क कायद्यात जमिनीच्या दाव्यांवर शेवटचा निर्णय जिल्हा समितीचा, आणि तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. अकोल्याहून आजचे जिल्ह्याचे ठिकाण शंभराहून अधिक किलोमीटर. घाटघरहून त्याच्याही पुढे.

मला कोणी विचारलेच, तर मी सांगेन की मतपत्रिका छापण्याआधी एस. टी.चे वेळापत्रक मागवा. घाटघरहून पहाटे निघालेला माणूस साहेबांना भेटून, कागदावर शिक्का घेऊन, त्याच रात्री घरी जेवायला कोणत्या गावाहून पोहोचू शकतो, एवढे त्यात पाहा.