कथलाचा शोध : किर्लोस्करवाडी ते विटा

सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात कथील नाही. हे खनिज सापडते ते ग्रॅनाइटच्या संगतीने, आणि सातारा-सांगली हे दोन्ही जिल्हे प्रामुख्याने बसाल्टवर वसलेले. तरीही कृष्णाकाठच्या जुन्या स्वयंपाकघराचे या धातूवाचून कधी भागले नाही. पितळी पातेल्यात चिंचेची आमटी किंवा ताकाची कढी केली आणि आतली कथलाची कल्हई उडालेली असली, की पदार्थ कळकलाच. म्हणून दिवाळीच्या आधी कल्हईवाला आळीत भाता मांडून बसे. भांडे तापवायचे, नवसागर टाकायचा, कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने तो रस चहूकडे फिरवायचा. नवसागराने तांब्या-पितळेवरचा मळ सुटतो, म्हणूनच कथील तिथे धरते. आता पितळी भांडी पुन्हा घराघरांत येत आहेत. मात्र परवडणारे आणि शुद्ध कथील आणायचे कुठून, हा प्रश्न पूर्वीपेक्षा अवघड झाला आहे.

भारतात कथलाचे खनिज निघते ते मुख्यतः छत्तीसगडच्या दंतेवाडा-सुकमा भागात. तिथले आदिवासी ते गोळा करतात आणि राज्याचे खनिज महामंडळ विकत घेते. ते आपल्याला पुरत नाही. बाकीचा माल बाहेरून येतो, आणि त्यात इंडोनेशिया-मलेशियाचा वाटा मोठा. त्यामुळे सांगलीच्या बाजारातला भाव लंडनच्या धातुबाजारावर हलतो. मार्च २०२२ मध्ये कथलाने टनाला ५०,००० डॉलरची पातळी गाठली होती. त्याच सुमारास शिसे होते २,३०० डॉलरच्या आसपास. जगातले जवळपास निम्मे कथील आज इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सोल्डरमध्ये जाते, तेव्हा कल्हईवाल्याची स्पर्धा थेट मोबाइलच्या कारखान्यांशी आहे.

भावातल्या या अंतरातच भेसळीचे मूळ आहे. शिसे दिसायला कथलासारखे, त्यात सहज मिसळणारे आणि कितीतरी स्वस्त. दोन्ही मिसळले की मिश्रण शुद्ध कथलापेक्षा कमी उष्णतेवर वितळते. कथील वितळते २३२ अंशांना, शिसे ३२७ अंशांना, आणि साठ भाग कथील आणि चाळीस भाग शिसे यांच्या आसपासचे मिश्रण १८३ अंशांनाच पातळ होऊ लागते. कारागिराला काम सोपे, पण जेवणाऱ्याला विष. शिशाची कोणतीही मात्रा निर्धोक मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना स्पष्टपणे सांगते, आणि सर्वांत मोठी किंमत मोजतात ती लहान मुले. नीट कल्हई नसलेली तांब्या-पितळेची भांडी अन्नासाठी अयोग्य, असे आपला अन्नसुरक्षा नियमही म्हणतो. पण कल्हई आहे आणि तीच शिशाची आहे, हे नुसत्या डोळ्यांना कसे कळावे?

परीक्षा घरच्या घरी करता येते. शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ धरून वाकवली तर करकर आवाज येतो, कारण वाकताना आतल्या स्फटिकांच्या रचनेत जुळेपणा (ट्विनिंग) येतो. शिसे वाढत गेले की हा आवाज मंदावतो. कांडी पांढऱ्या कागदावर ओढून पाहावी. शिसे पेन्सिलीसारखी करडी रेघ सोडते. आणि सर्वांत भरवशाची परीक्षा तराजूची. एक किलो शुद्ध कथील पाण्यात बुडवून तोलले तर सुमारे १३७ ग्रॅमने हलके भरते, शिसे अवघे ८८ ग्रॅमने. मधला आकडा आला, तर मधलाच माल आहे. कथील विकत घेणाऱ्या कारागिराने ही परीक्षा दुकानातच करावी, असे मला मनापासून वाटते.

शिसे आणि कथील यांचे मिश्रण जिथे खरोखर हवे होते, ते ठिकाण म्हणजे बंदुकीची गोळी. शिवाजी महाराजांनी फ्रेंचांकडून तोफा आणि बंदुकांसाठी शिसे विकत घेतल्याचे ग्रँट डफने लिहिले आहे. हा इतिहासकार १८१८ नंतर साताऱ्यातच इंग्रजांचा प्रतिनिधी होता. तोड्याच्या बंदुकीच्या गोल गोळीला मऊ शिसे पुरे होते. पुढे पेचदार नळीच्या रायफली आल्या, तेव्हा गोळी कडक हवी झाली आणि कथलाची गरज पडली. ब्रिटिश फौजेच्या मार्टिनी-हेन्री रायफलच्या गोळीत बारा भाग शिशाला एक भाग कथील असे. कथलाने गोळीला कडकपणा येतो, शिवाय रस साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यांत शिरतो. आज भारतात दारूगोळा बनवायला शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, म्हणून ती वाट आपल्यापुरती इथेच संपते.

पण साचा भरण्याचा तोच गुण छापखान्याच्या खिळ्यांनाही लागत होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर वसवलेली किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात आहे. तिथून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ आणि १९३० मध्ये ‘स्त्री’ ही मासिके निघाली. त्या काळात जुळाऱ्यांच्या हातातला प्रत्येक खिळा शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा होता. लायनोटाइपच्या धातूत कथील शंभरात चार-पाच भाग, अँटिमनी अकरा-बारा, बाकी शिसे. हाताने जुळवायच्या खिळ्यांत कथील त्याहून जास्त. ऑफसेट आले आणि गावोगावच्या छापखान्यांतले खिळे किलोच्या भावाने भंगारात गेले. कोणाकडे अजून पेटी असेल तर ती मोलाची आहे, जमले तर वितळवण्याऐवजी जपावी. मात्र हा धातू कल्हईसाठी कधीही, अगदी थोडासुद्धा वापरू नये. जुन्या सोल्डरलाही हेच लागू. भंगारातले स्वस्त कथील म्हणून ते दाखवले जाते, पण त्यात चाळीस टक्के शिसे असू शकते.

पत्र्याच्या डब्यांतून कथील काढावे, असे काहींना वाटते. तेलाच्या मोठ्या डब्यावर कथलाचा मुलामा असतो तो काही ग्रॅमचाच. त्याच्यामागे लागण्यात अर्थ नाही.

खरी आशा मला वाटते ती विट्याकडून. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव आणि साताऱ्याच्या माण-खटावातून दुष्काळाने बाहेर पडलेली माणसे देशभर सोने-चांदीची गलाई करतात. काश्मीरपासून तमिळनाडूपर्यंतच्या सराफ बाजारात गलाईवाला विचारला, तर बहुधा मराठी आवाज उत्तर देतो. दागिन्याच्या चुऱ्यातून आणि धुळीतून मौल्यवान धातू वेगळा काढणे हे त्यांचे पिढीजात कसब. त्यांच्या कामात कथील म्हणजे अडचण. नायट्रिक आम्लात सोने तसेच राहते, चांदी विरघळते आणि कथलाची पांढरी, न विरघळणारी भुकटी होते. ती गाळताना फार त्रास होतो. पण जुन्या संगणकांच्या आणि फोनच्या सर्किट-पट्ट्यांवर सोन्याच्या कणांशेजारी हेच कथील बसलेले असते. २००६ पासून युरोपात इलेक्ट्रॉनिक वस्तूंतल्या शिशावर बंदी आली. त्यानंतर प्रचलित झालेल्या बिनशिशाच्या सोल्डरमध्ये शंभरात ९६ भागांहून जास्त कथील असते, सोबत थोडी चांदी आणि तांबे.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा पट्ट्यांतून धातू काढण्याचे काम नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रातच करता येते. परसात आम्लाच्या बरण्या मांडून ते करणे बेकायदा आहे, आणि फुप्फुसांना घातकही. म्हणून खानापूर-आटपाडीच्या पट्ट्यात नोंदणी असलेले, धुराचा आणि आम्लाचा नीट बंदोबस्त केलेले असे एखादे केंद्र गलाईवाल्यांनी सहकारातून उभारावे. त्यातून निघालेले कथील प्रयोगशाळेत तपासून, शिशाचे प्रमाण छापलेल्या कांड्यांच्या रूपात कल्हईवाल्यांना विकावे. साखर कारखाने आणि दूध संघ उभारलेल्या जिल्ह्यांना हे नवे नाही.